तुम्ही विचारलंत म्हणून: बाईंवरचा लेख विकिपीडियावर टिकत का नाही?

मार्च आला की हा प्रश्न हमखास येतो, आता वर्षभरही येऊ लागलाय. "आमच्या तालुक्यात मुलींची पहिली शाळा काढणाऱ्या बाईंवर मराठी विकिपीडियावर लेख लिहिला. दोन दिवसांत त्यावर 'पान काढा' असा साचा (सूचनेची पट्टी) लागला आणि लेख गेला. एवढं काम केलेली बाई यांना मोठी वाटत नाही का?"

विकिपीडिया बाईंचं काम मोजत नाही. बाईंबद्दल तिसऱ्या कुणी, सविस्तर आणि विश्वासार्ह ठिकाणी काय छापलंय तेवढंच तो मोजतो. याला तिथे उल्लेखनीयता म्हणतात. छापणाऱ्यांनीच शंभर-दीडशे वर्षं बायकांकडे कमी पाहिलं, म्हणून ती तूट विकिपीडियात जशीच्या तशी उतरते. इंग्रजी विकिपीडियावर २०१५ साली चरित्रलेखांपैकी जेमतेम १५ टक्के स्त्रियांचे होते. त्या वर्षी 'विमेन इन रेड' हा प्रकल्प सुरू झाला, नावातला 'रेड' म्हणजे लेख नसलेल्या नावाचा लाल दुवा. आता ते प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आलंय. ते वाढलं ते हजारो लोकांनी एकेक संदर्भ शोधून लावल्यामुळे.

डोना स्ट्रिकलंड यांचं उदाहरण लक्षात ठेवा. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तोवर इंग्रजी विकिपीडियावर त्यांचा लेख नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कुणीतरी मसुदा पाठवला होता, पण दिलेले संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून तो परत गेला. त्याआधी २०१४ साली एक लेख झाला होता, तो दुसरीकडचा मजकूर उचललेला निघाला म्हणून काढला गेला. आपल्याकडचे लेखही बहुतेक वेळा याच दोन कारणांनी जातात.

म्हणून सुरुवात संगणकापुढे बसून करू नका, ग्रंथालयात करा. किमान दोन, जमलं तर तीन असे स्रोत हवेत ज्यांत बाईंवर निदान दोन-चार परिच्छेद आहेत आणि जे घरच्यांनी किंवा त्यांच्या संस्थेने काढलेले नाहीत. इथेच लोक फसतात. कुटुंबाने छापलेला गौरव अंक चालत नाही, श्रद्धांजलीची जाहिरात चालत नाही, सत्काराच्या बातमीत दहा नावांत आलेलं एक नाव चालत नाही. चरित्रकोशातली नोंद, जिल्हा गॅझेटियर, त्यांच्या पुस्तकाचं नियतकालिकात आलेलं परीक्षण, विद्यापीठातला प्रबंध हे सगळं चालतं. प्रबंध शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) घरबसल्या सापडतात, आणि स्थानिक बायकांबद्दलचा सर्वांत दाट मजकूर बरेचदा तिथेच असतो. त्यांची संदर्भसूची आधी वाचा, पुढचे पाच स्रोत आयते मिळतात. जुन्या काळासाठी ज्ञानोदय, ज्ञानप्रकाश, दीनबंधु, केसरी, आणि १९३० नंतर किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक. बाई आमदार किंवा खासदार असतील तर उल्लेखनीयतेचा वाद सहसा होत नाही, निवडणुकीची अधिकृत नोंद आणि एक चांगला लेख पुरतो.

आता खरी मेख: नाव. पुरुषाचं नाव जन्मभर एकच राहतं, बाईचं बदलतं, आणि शोधणारा एकाच नावाने शोधून 'काही सापडत नाही' म्हणून उठतो. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. महर्षी कर्व्यांच्या पत्नी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात गोदूबाई, १८९३च्या पुनर्विवाहानंतर आनंदीबाई, आणि लोकांच्या तोंडी बाया. रखमाबाईंनी १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात लिहिलेली पत्रं 'एक हिंदू स्त्री' एवढ्याच सहीने छापून आली. ती सही माहीत नसेल तर त्यांचं सर्वांत महत्त्वाचं लेखन हाती लागणारच नाही.

एक नाव जवळून पाहू. डॉ. कमला सोहोनी, जीवरसायनशास्त्रज्ञ, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. त्या दुर्गा भागवतांच्या बहीण, म्हणजे माहेरच्या भागवत. लग्न १९४७ साली झालं, त्यामुळे केंब्रिजमधलं सगळं काम माहेरच्या नावावर आहे. तरीही 'भागवत' असं रोमन लिपीत नेहमीसारखं डब्ल्यू घालून शोधलंत तर त्यांचे शोधनिबंध निसटतात, कारण तिथे त्यांनी व्ही लावलाय. मुंबईच्या विज्ञान संस्थेतल्या कामासाठी सोहोनी शोधायचं, आणि त्यातही रोमन स्पेलिंगच्या शेवटी कधी नुसता आय, कधी आय-ई. जन्मवर्ष कुठे १९११ दिसतं, कुठे १९१२. एवढी सगळी रूपं एका कागदावर आधी लिहून काढा, मग शोधायला लागा: माहेरचं नाव, सासरचं नाव, कु., सौ., श्रीमती, ताई, बाई, अक्का, टोपणनाव, सही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचे फरक. उर्मिला आणि ऊर्मिला ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी माणसं असतात.

जन्मतारखेबद्दल एक इशारा. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका, गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या त्या तारखेने अर्धा महाराष्ट्र जन्मलाय. छापील स्रोतांत दोन वर्षं दिसली तर दोन्ही द्या, प्रत्येकापुढे आपापला संदर्भ. काहीच नसेल तर जागा मोकळी सोडा.

काही बायकांबद्दल छापील काही सापडतच नाही. मग आधी स्रोत तयार करावा लागतो, आणि तो विकिपीडियाबाहेर. नातवाने सांगितलेली आठवण थेट लेखात घालता येत नाही. तीच आठवण नीट मुलाखत घेऊन, तारीख-ठिकाण लिहून, संपादक असलेल्या मासिकात किंवा दिवाळी अंकात छापून आली की ती संदर्भ होते. हे काम मोठ्या ताकदीने झालेलं आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, बोलतं करून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध केलं. ते झालं नसतं तर त्यांतल्या कितीतरी जणींचं नाव आज संदर्भासह लिहिताच आलं नसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या गटाने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही गाणारणीचं नाव आणि गाव लिहून. मुंबईत 'स्पॅरो' हे स्त्रियांविषयीचं ध्वनी-चित्र संग्रहालय १९८८ पासून हेच करतंय. तुमच्या तालुक्यातल्या बाई पंच्याऐंशीच्या असतील तर लेख नंतर लिहा, ध्वनिमुद्रण या आठवड्यात करा.

लिहायला बसलात की धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) लिहा, थेट मुख्य लेखात नको. शीर्षकात डॉ., सौ., ताई नको, नुसतं नाव. पहिलं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण तपासणारा तेवढंच वाचून ठरवतो. "सुलोचनाबाई डोंगरे या थोर समाजसेविका, त्यागमूर्ती आणि अमुक यांच्या सुविद्य पत्नी होत्या" हे वाक्य लेख बुडवतं. "सुलोचनाबाई डोंगरे या २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या" हे तारतं. काय केलं, कुठे, कधी, आणि लगेच संदर्भ. नवरा, सासरे, मुलं यांना खाली 'वैयक्तिक आयुष्य'मध्ये जागा आहे. विशेषणं मात्र एकूण एक काढा. प्रेमानेच लिहिलेली असतात हे कळतं, पण वाचणाऱ्याला ती जाहिरात वाटते.

मजकूर कुठूनही उचलू नका, मराठी विश्वकोशातूनही नाही. वाचा, पुस्तक मिटा, स्वतःच्या वाक्यांत लिहा. लांबीचं विचाराल तर ३०० शब्द पुरे. विकिपीडिया आकार बाइटमध्ये दाखवतो आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणून ३,००० बाइटचा लेख मोठा वाटला तरी तो हजार-एक चिन्हांचाच असतो. संदर्भात वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, आणि पुस्तक असेल तर पृष्ठ क्रमांक द्या. नुसतं 'केसरी, १९२८' लिहिलंत तर कुणालाच पडताळता येत नाही.

छायाचित्रावरून फार मनस्ताप होतो. फोटो तुमच्या घरात आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही, तो सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो. १९४०च्या आधी भारतात काढलेला जुना फोटो बहुधा अडचणीविना कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) चढवता येतो, मात्र केव्हाचा आहे हे पटवून देता आलं पाहिजे, म्हणून मागच्या बाजूचा स्टुडिओचा शिक्काही स्कॅन करून ठेवा. नवा फोटो असेल तर काढणाऱ्याने मुक्त परवान्याची परवानगी ईमेलने कळवावी लागते. हे जमत नसेल तर फोटोविना लेख करा, फोटो नाही म्हणून कुणी लेख काढत नाही.

लेख चढला की लगेच उठू नका. कागदावर लिहिलेली नावाची सगळी रूपं पुनर्निर्देशनं (शोधणाऱ्याला थेट याच लेखाकडे नेणारी पानं) म्हणून तयार करा, विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसाठ्यावर) नोंद करून तिथेही ती घाला. मग गाव, संस्था, चळवळ अशा तीन-चार जुन्या लेखांतून या लेखाकडे दुवा द्या. दुवे नसलेला लेख कुणाच्या नजरेस पडत नाही, आणि पडला तर काढायला सोपा वाटतो. 'पान काढा' लागलंच तर तो साचा स्वतः पुसू नका. चर्चा पानावर जा, "बाई थोर होत्या" असं न लिहिता "अमुक कोश, पृष्ठ इतकं, अमुक प्रबंध, प्रकरण इतकं" एवढंच लिहा. तुम्ही बाईंचे नातेवाईक असाल तर ते आधीच उघड सांगा, म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

आणि एकच स्रोत हाती आला असेल, तर स्वतंत्र लेखाचा हट्ट सोडा. त्या शाळेच्या, त्या परिषदेच्या, नाहीतर गावाच्या लेखात बाईंवर संदर्भासह चार ओळी घाला आणि त्यांच्या नावाचं पुनर्निर्देशन तिथे लावा. उद्या कुणी ते नाव शोधलं तर त्या चार ओळी समोर येतील, आणि दुसरा स्रोत सापडेल त्या दिवशी तिथूनच वेगळा लेख करता येईल.