सहा लोखंडी खाटा

शनिवार, रात्री

आज मंडळाच्या बैठकीत ठरलं की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायचं नाही. वाणाचे पैसे आणि वर जमेल तेवढी भर, असं सगळं इथल्या, म्हणजे कॅनडातल्या टोरोंटोच्या, मुलांच्या हॉस्पिटलला, सिककिड्सला, द्यायचं. ठराव पाच मिनिटांत पास झाला. चेक हातात धरून फोटोत कोणी उभं राहायचं, यावर मात्र बराच वेळ खल झाला. शेवटी जोशीकाकू वैतागल्या, "हॉस्पिटलला मदत करताय की लग्नाचा अल्बम काढताय गं?"

मला तेव्हाच बोलायचं होतं, पण चहा आला आणि विषय उडाला. म्हणून इथे लिहून ठेवते. आपण ज्या हॉस्पिटलला चेक देणार आहोत ते बायकांच्या अशाच एका गटाने उभं केलंय. आणि त्यांनी नुसते पैसे गोळा केले नव्हते, हॉस्पिटल चालवलं होतं.

साल १८७५. टोरोंटोतल्या काही बायका बायबल वाचायला एकत्र जमायच्या. म्हणजे आपल्याकडचं भजनी मंडळच म्हणा ना. त्यांच्यात पुढाकार एलिझाबेथ मॅकमास्टर यांचा. वय अठ्ठावीसच्या आसपास, व्यापारी घराण्यातली सून. या बायकांनी अकरा खोल्यांचं एक घर वर्षाला ३२० डॉलर भाड्याने घेतलं, आत सहा लोखंडी खाटा मांडल्या आणि जाहीर केलं: सर्व आजारी मुलांना दाखल करून उपचार करणारं हॉस्पिटल. त्यातला 'सर्व' हा शब्द वाटतो तेवढा साधा नाही. कोणाचं मूल, कुठल्या पंथाचं, बाप काय करतो, हे सगळे प्रश्न त्याने दारातच निकालात काढले.

घर सुरू झालं मार्चमध्ये आणि पहिला पेशंट आला ३ एप्रिलला. पोळलेली एक लहान मुलगी, मॅगी. माझं मन त्या मधल्या दिवसांत अडकतं. खाटांवर चादरी घातलेल्या, भाडं चालू आणि मूल एकही नाही! त्या काळी ज्याला जमेल तो घरीच औषधपाणी करायचा. आपलं तापाने फणफणलेलं पोर परक्यांच्या हाती कोण सोपवणार? आमच्या मंडळाने तर पहिल्याच आठवड्यात घरमालकाकडे डिपॉझिट परत मागितलं असतं. पण वर्ष संपेपर्यंत ४४ मुलं दाखल होऊन गेली, शिवाय ६७ जणांवर बाहेरच्या बाहेर उपचार झाले. म्हणजे आया यायला लागल्या होत्या.

कारभार सगळा लेडीज कमिटीकडे. डॉक्टर पुरुष, पण घर, माणसं, खर्च हे बायका बघणार. पैशांच्या बाबतीत त्यांचा भरवसा देवावर: दारोदार हात पसरायचा नाही, प्रार्थना करायची. मी पडले हिशेबी बाई, मला हे वाचूनच धडकी भरते. पण चाललं खरं, बरीच वर्षं चाललं. १८८६ मध्ये तर हॉस्पिटलची स्वतःची नर्सिंगची शाळाही निघाली.

मग आले जॉन रॉस रॉबर्टसन, 'इव्हिनिंग टेलिग्राम' या वर्तमानपत्राचे मालक. त्यांची लेक लालज्वराने गेली होती. १८८३ मध्ये त्यांनी टोरोंटो आयलंडवर तळ्याकाठी मुलांना हवापालटासाठी घर बांधून दिलं, आणि पुढे कॉलेज स्ट्रीटवरच्या मोठ्या इमारतीमागेही तेच उभे राहिले. ती १८९२ ची लालसर दगडी, कमानींची इमारत अजून आहे. त्या बाजूला गेले की मी मान वर करून बघतेच. भाड्याच्या घरांतून हॉस्पिटल स्वतःच्या वास्तूत गेलं आणि किल्ल्या विश्वस्तांच्या हाती गेल्या. विश्वस्त म्हणजे पुरुष. लेडीज कमिटी उरली, सत्ता उरली नाही.

रॉबर्टसनांवर राग धरावा तर तेही जमत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी हॉस्पिटलात दूध पाश्चराइज करायची, म्हणजे तापवून त्यातले जंतू मारायची, सोय केली. ऑंटारियो प्रांतात ते सक्तीचं व्हायला १९३८ उजाडलं. तोवर साध्या दुधातून किती पोरांच्या पोटात क्षय जात असेल! माणूस कामाचाच होता. पण कामाच्या माणसाला शेजारी दुसरं कामाचं माणूस खपत नाही, हे मी पुण्यातही पाहिलंय आणि इथे टोरोंटोशेजारच्या मिसिसागातही.

मला चटका लावते ती मॅकमास्टरबाईंची पुढची गोष्ट. नवरा वारला, चाळिशी उलटली, तेव्हा या बाई शिकागोला जाऊन नर्सिंग शिकल्या. ज्या हॉस्पिटलच्या त्या संस्थापक, तिथे काम करायला आता प्रशिक्षण लागणार, हे त्यांनी ओळखलं असावं. विशी-बाविशीच्या मुलींबरोबर वॉर्डात उभं राहून धडे घेतले असतील. १८९१ मध्ये त्या परतल्या आणि हॉस्पिटलच्या अधीक्षक झाल्या. नव्या रीतीला जे हवं होतं ते सगळं शिकून आल्या होत्या. तरी रॉबर्टसनांशी पटलं नाही आणि १८९२ मध्ये, नवी इमारत उभी राहिली त्याच साली, त्या पद सोडून गेल्या.

१९०३ मध्ये त्या शिकागोत वारल्या. रॉबर्टसन १९१८ मध्ये मरेपर्यंत विश्वस्तांचे अध्यक्ष होते.