नवी घोंगडी टोचते का?

"घोंगडी घेतली, पण टोचते आणि पत्र्यासारखी ताठ आहे. फसवलं का आम्हाला?" थंडी पडली की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, फसवलेलं नाही. उलट नवी घोंगडी शालीसारखी मऊ लागली तर संशय घ्या.

टोचणं आणि ताठपणा वेगवेगळे. टोचते ती लोकर. दख्खनी मेंढीचा केस मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीच्या साधारण दुप्पट जाड, तो गालाला लागणारच. मऊ हवी असेल तर जावळाची मागा, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची. ती लोकर थोडीच निघते, म्हणून महाग.

ताठपणा खळीचा, म्हणजे सुताला लावलेल्या चिकट पेजेचा. घोंगडीचं सूत एकपदरी आणि केसाळ. तसंच मागावर चढवलं तर फणीत, म्हणजे दोरे ओवलेल्या दातेरी चौकटीत, घासून पिंजून जाईल. म्हणून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांना, चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवून वाटायचे, मग शिजवून आंबिलीइतकं पातळ करायचं. ताणा उघड्यावर ताणून कुंच्यानं खळ एकाच दिशेनं ओढायची आणि चिकटलेले दोरे ओले असतानाच सोडवायचे. खळ दाट झाली तर वाळलेलं सूत ठिसूळ होतं, फणीत तटातट तुटतं. पातळ झाली तर केस उभे राहतात, शेजारचे दोरे एकमेकांत गुंततात आणि पावडी (पायानं दाबायची पट्टी) दाबली तरी ताणा उघडत नाही, आडवा दोरा नेणारा धोटा अडकतो. पावसाळ्यात ऊन नसलं की खळ वाळत नाही, ताण्याला कुबट वास धरतो.

मेंढरं धनगरांची, सूत बहुतेक त्यांच्याच घरातल्या बायका कातणार आणि खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर, विणणार सणगर किंवा खुटेकर धनगर या विणकर जमाती. एका घोंगडीत अशी दोन-तीन घरं गुंतलेली असतात. माग बंद पडतात ते विणकर आळशी झाले म्हणून नव्हे, सूतच मिळत नाही म्हणून. दख्खनी मेंढी वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते. दोन किलोच्या घोंगडीला तीन-चार मेंढ्यांची वर्षभराची लोकर लागते, पिंजताना जाणारा कचरा वेगळाच. पैसा मात्र मटणात आहे. सांगलीच्या जत तालुक्यातली माडग्याळ जातीची मेंढी अंगानं थोराड, पण लोकर नावालाच. कळपात तिची पैदास वाढली की लोकर घटते. कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, तेव्हा मेंढपाळाला तरी दोष कसा द्यायचा?

आता तुमच्या घोंगडीचं. लगेच धुऊ नका. उन्हात पसरा, काठीनं झोडपा, महिनाभर अंथरा, खळ आपोआप मोडते. टोचत असेल तर खाली सुती चादर घ्या. धुवायचीच तर गार पाण्यात, रिठ्यानं. गरम पाण्यात चोळलीत तर केसाला केस अडकून ती आटते, मग परत मोठी होत नाही. पिळू नका, दोरीवर टांगू नका, ओल्या वजनानं ओघळते. सावलीत बाजेवर आडवी वाळवा. दोन दिवस सहज जातात. 'घोंगडं भिजत ठेवणं' म्हणतात ते उगाच नाही. कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा सुका पाला ठेवा.

आणि खरी की खोटी? काठाचा एक धागा जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, राख चिमटीत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.