श्रीरामपूरचा केमिस्ट्रीवाला पाद्री

जॉन मॅकबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. स्कॉटलंडचा हा पोरगा एडिनबरोला शिकला आणि 1821 मध्ये बॅप्टिस्ट मिशनरी म्हणून बंगालात आला, तिथल्याच श्रीरामपूर (सेरामपूर, आपलं नगरचं नव्हे) कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला, आणि रविवारी तोच माणूस चर्चमध्ये प्रवचन द्यायचा. 1834 मध्ये त्याने केमिस्ट्रीचं पुस्तक काढलं, इंग्रजी आणि बंगाली दोन्हीत! ऑक्सिजनला संस्कृत शब्द शोधत बसला नाही, युरोपियन नावंच बंगाली अक्षरांत लिहून थोडी वळवून घेतली, आणि मला तरी हे फार आवडतं, कारण मुलांना उद्या जगाशी बोलता यावं ही काळजी त्यात दिसते. 1845 मध्ये कॉलऱ्याने गेला, तिथेच. पन्नाशीही गाठली नव्हती हो.