शिवण उलटून बघा : आमची वाटचाल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या गल्लीत आमचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘ट्रेकिंगचं सामान, विक्री व भाड्याने’. पण आत शिरल्यावर आधी नजरेला पडतं ते शिवणयंत्र. ते आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. पायाखालचा लोखंडी पाटा झिजून गुळगुळीत झालाय, तरी जाड कॅनव्हासचे चार पदर ते अजून एका दमात शिवतं.

आबा राहुट्या शिवायचे. शिवपुरीकडची जंगलं ही शिंदे सरकारांची शिकारीची जागा. संस्थान विलीन झाल्यावरही हौशी शिकाऱ्यांचे तळ पडत, आणि त्यांच्या छोलदाऱ्या, कनाती, होल्डॉल दुरुस्तीला आमच्याकडे येत. आबा सांगायचे, शिकाऱ्याला दोन गोष्टींची चीड: गळका तंबू आणि चालताना वाजणारं कापड. खळीचं कापड खसखसलं की जनावर सावध होतं, म्हणून कोटाचं कापड ते दोनदा धुऊन मगच बेतायचे. भिजलेल्या तंबूला आतून कुणाला बोट लावू द्यायचे नाहीत. कॅनव्हास ओला झाला की सूत फुगतं, विणीतली छिद्रं बुजतात आणि पाणी बाहेरच राहतं. बोट टेकलं की नेमकं तिथून झिरपायला लागतं. नवा माल घेऊन कुणी व्यापारी आला की आबा पहिल्यांदा तो उलटा करायचे. वरून सगळंच छान दिसतं, शिवण उलटून बघा, हे त्यांचं वाक्य आमच्या घरात रोज कानावर पडायचं.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा विषयच मिटला. जंगलाचं भलं झालं, यात आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मग ट्रकच्या ताडपत्र्या, लग्नाचे मांडव आणि शाळेची दप्तरं यांवर संसार ओढला.

मी पंचविशीत उत्तरकाशीला गेलो. तिथल्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत अठ्ठावीस दिवसांचा बेसिक कोर्स केला. पहाडात सामान बिघडलं तर काय होतं, ते तिथे अंगावर घेतलं. परत आल्यावर माझा तंबू मित्र मागून न्यायला लागले, मित्रांचे मित्र यायला लागले, आणि अण्णा म्हणाले, “अरे, फुकट काय देतोस? भाडं घे, पण दुरुस्ती चोख ठेव.” चार तंबू आणि सहा स्लीपिंग बॅगा, एवढ्यावर सुरुवात झाली.

पुढचं लिहायला जड जातं, पण ते लिहिल्याशिवाय आमची गोष्ट पुरी होत नाही. तिसऱ्या वर्षी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून बुटांचा जुना साठा स्वस्तात मिळाला. कोरे बूट, डब्यातून न काढलेले. त्यातला एक जोड इथल्याच कॉलेजच्या एका मुलीनं उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकसाठी भाड्यानं नेला. दुसऱ्या दिवशी बर्फात उजवा तळ सुटला, दुपारपर्यंत डावाही. दोरीनं बांधून, मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून ती खाली उतरली. परत आल्यावर तिनं तो तळ काउंटरवर ठेवला. मी उचलला, तर मधला थर बोटांत भुरभुरला, शिळ्या भाकरीसारखा. “दादा, हे बूट तुम्ही घालून बघितले होते का?” एवढंच तिनं विचारलं. नव्हते बघितले.

बुटाचा बाहेरचा तळ आणि वरचं चामडं यांच्यामध्ये पुष्कळदा पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतला दमटपणा तो थर आतून हळूहळू तोडतो. बूट वापरा नाहीतर कपाटात ठेवा, हे चालूच राहतं. वापरातल्या बुटापेक्षा कपाटात विसरलेलाच बूट बहुधा आधी दगा देतो. वरून बघून काही कळत नाही. तो सगळा साठा, बावीस जोड, मी त्या आठवड्यात फेकला. मुलीचे पैसे परत केले. तेव्हापासून बुटाच्या जिभेवर आतून मार्करनं तयार झाल्याचा महिना लिहिलेला असतो, भाड्याला देण्याआधी बूट दोन्ही हातांनी दुमडून मधल्या थरावर अंगठा दाबून बघतो, आणि पिशवीत बारा किलो वजन घेऊन आमच्यापैकी कुणीतरी तो उरवाईच्या चढानं किल्ल्यावर नेऊन आणतो.

तंबूची परीक्षा गच्चीवर. आत सगळीकडे वर्तमानपत्रं अंथरायची, बाहेरून तासभर पाइपनं पाणी सोडायचं. कागदावरचा ओला ठिपका कुठे उमटला ते बघितलं की वरची कुठली शिवण गळते ते सापडतं. लेबलवर तीन हजार मिलिमीटर लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड तोलतं. पण पाणी कापडातून क्वचितच येतं. येतं ते सुईच्या भोकांतून, आणि ती बुजवणारी पट्टी आमच्याकडच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली ठेवलं की सुटायला लागते. म्हणून सगळं सामान आम्ही वाड्याच्या माजघरात ठेवतो. भिंती जाड, उन्हाळ्यातही गारवा. स्लीपिंग बॅगा दाबून भरून ठेवत नाही, खुंटीला टांगतो. दाबलेली पिसं पुन्हा फुलत नाहीत, आणि ऊब असते ती त्या फुलण्यात.

स्लीपिंग बॅगेच्या लेबलानं आमच्या गिऱ्हाइकांचा सगळ्यात जास्त घोटाळा केलाय. तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार मोठ्या अक्षरात तिसरा सांगतो, आणि तो तर जेमतेम जीव वाचण्याचा आकडा. झोप हवी असेल तर पहिला बघा. डिसेंबरात केदारकंठाच्या तळावर रात्री पारा उणे दहाच्या आसपास जातो. मी पहिला आकडा त्याच्या खालीच मागतो. आणि खाली चटई पातळ असेल तर बॅग कितीही महाग घ्या, अंगाखाली दबलेली पिसं काही ऊब देत नाहीत, थंडी जमिनीतूनच वर चढते.

दोन वर्षांपूर्वी माधवगंजातल्या एका काकांचा मुलगा अमेरिकेहून सुट्टीला आला. तो कोलोरॅडोत राहतो, परवाना काढून सप्टेंबरात डोंगरात एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातो. पाठपिशवीचा पट्टा उसवला होता, म्हणून दुकानात आला. ती पिशवी मी तासभर सोडली नाही. कण्यासारखी ताठ चौकट, आणि चौकट व पिशवी यांच्यामध्ये मांस बांधायची जागा. एल्कच्या एका मागच्या फऱ्याचं वजन पंचवीस किलोच्या घरात जातं. ते पाठीला जितकं चिकटून राहील तितकं कमरेवर उतरतं, खांद्यांना ओढत नाही. बाकीच्या पट्ट्यांच्या मुळाशी टिपांची अशी दाट गुंफण होती की आमच्या दुकानातले शिंपी मास्टरजी बघून म्हणाले, “ये किसी अच्छे हाथ का काम है.” उसवला होता तो पट्टा मात्र आधी कुणीतरी साध्या सुती दोऱ्यानं शिवलेला होता. तो मुलगा म्हणाला, तिथेही लोक वाजणारं कापड घेत नाहीत, लोकर नाहीतर फ्लीसच घालतात. आबा समोर हवे होते, असं फार वाटलं.

त्या पिशवीवरून आम्ही आमच्या भाड्याच्या सगळ्या पिशव्यांचे पट्टे पॉलिस्टरच्या दोऱ्यानं पुन्हा शिवून घेतले. महिनाभर चाललं ते काम.

आज बत्तीस जणांचं सामान एका वेळी देऊ शकतो. त्याहून जास्त मागणी येते, डिसेंबरात तर रोज येते, पण माजघरात त्याहून जास्त टांगायला जागा नाही आणि मास्टरजींना त्याहून जास्त तपासायला वेळ नाही. हलका माल ठेवत जा, असं तरुण गिऱ्हाईक म्हणतं. ठेवतो, पण पहाडात जी वस्तू तिथल्या तिथे, गारठलेल्या हातांनी दुरुस्त करता येत नाही, ती मी दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी देत नाही. फायबरचा दांडा चिरला की त्याची चोयटी निघतात. ॲल्युमिनियमचा वाकला तर नळी सरकवून रात्र काढता येते. चेन बिघडते तेव्हा बहुतेकदा दात शाबूत असतात, झिजलेला असतो सरकणारा तुकडा. पक्कडीनं हलकेच दाबला की पुन्हा चालतो. गॅसच्या साध्या ब्युटेनच्या डब्या बर्फात पेटत नाहीत, कारण शून्याच्या खाली त्याचा वायूच होत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण लागतं, आणि ते विमानात नेता येत नाही, पायथ्याच्या गावात घ्यावं लागतं. हे सगळं आम्ही भाड्याची पावती फाडण्याआधी सांगतो.

प्रत्येक तंबूबरोबर एक छोटी पुडी जाते: जाड सुई, पॉलिस्टरचा दोरा, एक नळी, चिकटपट्टी, चेनचा एक तुकडा. तिचं भाडं नाही. मात्र न्यायला आलेल्या माणसाला आबांच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसवतो आणि ताडपत्रीच्या फाटक्या तुकड्यावर चार टाके घालायला लावतो. ते उलटून बघतो, आणि मग तंबू हातात देतो.