एकत्र राहण्याचा हिशेब

आज एका सहजीवन वस्तीत, म्हणजे लोक ठरवून एकत्र राहतात आणि कामं वाटून घेतात अशा ठिकाणी, दिवस काढला. मला वाटलं होतं, सगळं प्रेमावर चालत असेल. कसलं काय, हिशेब एकदम चोख! स्वयंपाकघराच्या दारावर आठवड्याच्या कामांचा तक्ता. भांडी घासा नाहीतर जमाखर्च लिहा, तासाचं मोल सारखंच. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ट्विन ओक्स या अशाच वस्तीतही (स्थापना १९६७) कामाचे तास असेच मोजतात. कामचुकारांचं काय, असं विचारल्यावर एक काकू म्हणाल्या, "तक्त्यावर दिसतंच की!" आणि माझ्या हातात फडकं दिलं.

दुपारची बैठक मात्र बघण्यासारखी. विषय काय, तर सामायिक खोलीत टीव्ही हवा का. मतदान नाही, सर्वांची संमती लागते. एकजण अडून बसला, टीव्हीचा निर्णय लटकला. बहुमताने पाच मिनिटांत उरकलं असतं, पण मग कुरबूर वर्षभर चालली असती.

नव्या माणसाला लगेच सभासद करत नाहीत. आधी पाहुणा, मग उमेदवारी, मग बाकीचे ठरवणार. सोडून जाणाऱ्याला किती पैसे परत मिळतील, तेही आधीच लिहून ठेवलेलं. मला सगळ्यात जास्त हेच पटलं. राहायला जाईन का? एवढ्या बैठका मला नाही झेपायच्या. पण तसला तक्ता उद्याच आमच्या फ्रिजवर लावणार आहे. घरच्यांनो, तयारीत राहा.