आईला सांगितलेले सिनेमे

आईचे गुडघे बिघडल्यापासून आमच्याकडे पिक्चर मी पाहतो आणि ती ऐकते. तिच्या मनातल्या इंदूरचे पत्ते अजून टॉकीजवरूनच लागतात. रीगल, मधुमिलन, सपना-संगीता. रीगलचं टॉकीज गेलं, चौराहा राहिला. रिक्षावाल्याला ती 'रीगल' एवढंच सांगते आणि तो बरोबर नेतो. अशा बाईची 'बरा होता' म्हणून बोळवण करता येत नाही. चपला काढायच्या आत विचारते, "काय झालं रे त्यात?"

त्यामुळे माझं मत थिएटरात होतच नाही, ते स्वयंपाकघराच्या दारात होतं.

'लापता लेडीज' सांगायला सोपा निघाला. रेल्वेचा डबा, एकसारखे लाल घुंघट ओढलेल्या नव्या नवऱ्या, आणि रात्री घाईत भलतीलाच घेऊन उतरलेला नवरा. इथवर येईतो आईचं दूध उतू गेलं होतं. गोष्टीतला निर्मल प्रदेश काल्पनिक, पण शूटिंग सिहोरकडचं, हे कळल्यावर ती खूश. "सिहोर म्हणजे आष्ट्याच्या पुढे. मग आपलंच की!" स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई, म्हणजे छाया कदम, तिला न बघताच आवडली. मला रवी किशनचा पान चघळणारा दरोगा जास्त आवडला होता. पण सांगायला गेलो तर हाती काही लागेना. तो नुसता बघायचा माणूस आहे.

'वाळवी'ने फजिती केली. परेश मोकाशींचा हा 2023चा सिनेमा इतका घट्ट विणलेला, की सांगताना एक टाका सुटला तरी सगळं उसवतं. नवरा-बायको मिळून जीव द्यायचं ठरवतात, नवऱ्याचा डाव वेगळाच, मग ती डेंटिस्ट... "थांब. डेंटिस्ट कुठून आली?" तीनदा मागे गेलो. बघताना जे चपखल होतं, ते माझ्या तोंडी पोलिसांच्या पंचनाम्यासारखं झालं. शेवटी तिने विचारलं, "पण यात वाळवी कुठंय?" म्हटलं, एवढं सोडून काहीही विचार. दोन दिवस रुसली होती.

'दशावतार' पाहून आलो तेव्हा बराच उशीर झाला होता, तरी ती जागी. दिलीप प्रभावळकर 81 वर्षांचे, हे आधी सांगितलं. मग बाबुली मेस्त्री सांगितला. कोकणातला म्हातारा दशावतारी, डोळे अधू होत चाललेले, आणि आता नाचणं पुरे म्हणून मागे लागलेला मुलगा. बाप-लेकांचे ते प्रसंग फार सुंदर आहेत. प्रभावळकर हातांनीसुद्धा चाचपडत बोलतात. इथे आईने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. जिन्याने एकटी उतरू नकोस, असं मी तिला त्याच सकाळी बजावलं होतं. मी घाईघाईने उत्तरार्धाला लागलो. खाण, सूड, एकेक अवतार. तिथे सिनेमाचा आवाज फार चढतो, दोघांच्या मधला ओलावा धुरात हरवतो, असं मी बरंच तावातावाने मांडलं. ती हूं हूं करत होती.

सकाळी पोह्यांवर जीरावन भुरभुरत होतो, तर दारात ती शेजारच्या भाभींना रंगून सांगत होती, "आँख से दिखता नहीं, फिर भी नाचता है। और बेटा बोलता है, बस करो।"

"फिर?" भाभींनी विचारलं.

"फिर क्या? नाचता रहा। बहुत अच्छी पिक्चर है।"

खाण नाही, सूड नाही. मला खटकलेलं सगळं तिने अचूक कापून टाकलं होतं. मी म्हटलं, "आई, शेवट राहिला की."

"कुठला शेवट?" ती म्हणाली. "तिथे मला झोप लागली होती."