टिपका पडला तर पडू दे : शाईच्या डागांचा माझा अनुभव

मी बोर्ड पेंटर. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या, गणपती मंडळांचे कापडी बॅनर लिहिले, मराठी कन्नड इंग्लिश तिन्ही. फ्लेक्स आल्यापासून पहिल्यासारखं काम राहिलं नाही, तरी नेमप्लेट, देवळातल्या देणगीदारांची नावं, सन्मानपत्रावरची नावं असं काही ना काही येत असतं, आणि शाईच्या डागातनं चित्रं काढायचा हा सगळा उद्योग अशाच एका सन्मानपत्रापासून सुरू झाला.

आमच्या धंद्यात टिपका म्हणजे पाप. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी पहिले सहा महिने मला अक्षर काढू दिलं नाही, फक्त डबीच्या काठावर ब्रश दोन्ही बाजूंनी पुसायला शिकवलं, रंग किती घ्यायचा, उभी रेघ मारताना श्वास कधी धरायचा, एवढंच. बोर्डावर ओघळ आला की त्या दिवसाचा चहा बंद. त्यामुळं हाताला सवय अशी लागली की आजही घरात भिंतीवर डाग दिसला की माझा अंगठा आपोआप पुसायला जातो.

तर दोन वर्षांमागं आषाढात एका संस्थेची चाळीस सन्मानपत्रं आली. कट निबनं, म्हणजे टोक कापलेल्या टाकानं, फक्त नावं घालायची होती. अडतीस झाली, एकोणचाळिसाव्याला निबमधनं टपकन थेंब पडला, नावाच्या शेजारीच, मोठा, चार आण्याएवढा. जास्तीचा छापील कागद त्यांनी दिलेला नव्हता. मी खडूची भुकटी टाकून बघितलं, ब्लेडनं खरवडून बघितलं, उलट कागद फाटायला आला. त्या लोकांनी सगळ्या कामाचे अर्धेच पैसे दिले. पैशाचं वाईट वाटलं, पण त्यापेक्षा जास्त लागलं ते त्यांचं बोलणं, 'आता वय झालं तुमचं' असं म्हणाले. माझा हात अजून थरथरत नाही ओ. निबला शाई जास्त झाली होती, बस्स.

तो खराब कागद मी पलंगाखाली टाकला होता. नात तेव्हा तिसरीत. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आली, त्या थेंबाला तिनं बॉलपेननं चोच आणि दोन काड्यांचे पाय काढले होते. "आज्जा, बघ की, कावळा बसलाय." आणि खरंच बसला होता. नाव लिहिलेलं होतं त्याच्या वेलांटीवर मान वळवून बघत बसल्यासारखा. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. पस्तीस वर्षांत माझ्या हातनं एवढा जिवंत कावळा निघाला नव्हता, आणि मी चिकन सेंटरच्या बोर्डावर कोंबडे किती काढले असतील त्याची गणतीच नाही.

मग पाऊस लागला होता, काम नव्हतं, आम्ही दोघं रोज दुपारी बसायला लागलो.

पहिले पंधरा दिवस काहीच जमलं नाही. कारण शाई चुकीची आणि कागदही चुकीचा. नातीच्या वहीचा कागद आणि पेनातली निळी शाई घेतली, थेंब टाकला की ब्लॉटिंग पेपरवर टाकल्यासारखा पसरायचा, कडेला सगळे केस केस. त्यात बेळगावचा पाऊस, घरातला कागदन् कागद सादळलेला. शेजारी विणकर आहेत, त्यांच्याकडं सुताला खळ लावतात ते लहानपणापासून बघितलंय, तेव्हा एकदम डोक्यात आलं की कागदालाही खळ असतेच की. चित्रकलेचा जाड कार्ट्रिज पेपर आणला, त्याला खळ चांगली असते, शाई वर तरंगते थोडा वेळ, लगेच पीत नाही, आणि तेवढाच वेळ आपल्याला खेळायला पाहिजे असतो. तरी सादळायचाच तो. मग वरती धोतराचा तुकडा ठेवून मंद इस्त्री फिरवली आणि लगेच कामाला घेतला, तेव्हा कुठं थेंब थेंबासारखा राहिला. आमची ही म्हणाली, "अहो, माझ्या साड्यांना इस्त्री नाही आणि कोऱ्या कागदाला इस्त्री करताय काय?" पण दुसऱ्या दिवशी तिनंच गादीखाली कागद ठेवून दिले, सपाट राहतात म्हणून.

शाईचं सांगतो, कारण इथं माझे पैसे बरेच वाया गेले. पेनाची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. ती वाळली तरी वर ओला ब्रश लागला की परत सुटते, सगळं निळं निळं होतं. काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वेगळी, जुन्या पद्धतीच्या अशा शाईत काजळी असते आणि ती धरून ठेवायला लाख असते, एकदा वाळली की वरनं काहीही करा, हलत नाही. म्हणून डाग काळ्या ड्रॉइंग इंकचा आणि वरचं बारीक काम नंतर, असं मी ठरवून टाकलं. ती शाई मात्र फाऊंटन पेनात घालू नका, आत वाळली की पेन कामातनं गेलं. माझं एक चांगलं पेन असंच गेलं.

आता थेंब कसा टाकायचा. वीतभर उंचीवरनं टाकला तर गोल पडतो, शांत. उभं राहून कमरेएवढ्या उंचीवरनं टाकला तर आपटतो आणि कडेला काटे फुटतात, लांब बारीक थेंब उडतात, सूर्यासारखं नाहीतर साळिंदरासारखं काहीतरी होतं. कागद उभा धरला तर ओघळ. ओघळ बघून सुरुवातीला माझ्या पोटात खड्डा पडायचा, खरंच, हात पुढं जायचाच पुसायला, नात माझं मनगट धरायची. टूथब्रश शाईत बुडवून अंगठ्यानं केस मागं ओढून सोडले की बारीक शिंतोडे येतात, पाऊस दाखवायला ते बेस्ट, पण भिंतीला आधी पेपर लावा.

आणि फुंकर. बॉलपेनची कांडी काढून टाकली की बाहेरची नळी राहते, तीच आम्ही घेतली. वरनं फुंकलं की थेंब नुसता चपटा होतो. नळी जवळजवळ कागदाला टेकवून, थेंबाच्या मागनं, आडवं फुंकायचं, मग शाई पुढं पळते आणि पळता पळता तिला फाटे फुटतात, बाभळीच्या फांदीसारखे. दोन-तीन फुंकरींनंतर थांबायचं, नाहीतर चक्कर येते. आणि पोरांना आधीच बजावून ठेवायचं की श्वास आत घेताना नळी तोंडातनं काढायची.

खडेमिठाचीही एक गंमत आहे, पेनाच्या ओल्या शाईवर चार खडे टाकले की ते पाणी ओढून घेतात आणि सभोवती फुलासारखी नक्षी उमटते. आमच्यात ती आठ दिवस उमटली नाही, कारण पावसात मीठच ओलं झालेलं. तव्यावर भाजून घेतलं मग आली.

हे सगळं झालं तंत्र. खरी अडचण माझी वेगळीच होती.

डाग चांगले पडायला लागले, पण माझी चित्रं मेलेली दिसायची. नात त्याच डागातनं मांजर काढायची ती पळतेय असं वाटायचं, माझं मांजर म्हणजे दुकानाची पाटी. महिनाभर मला कळलं नाही असं का होतंय. मग एक दिवस दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले तेव्हा दिसलं, मी प्रत्येक डागाला आउटलाईन मारत होतो. हात जातोच ओ, पस्तीस वर्षं कडा साफ करण्यात गेली. जिथं शाई थोडी बाहेर आली तिथं मी पांढरा लावून धार काढायचो, जिथं आत गेली तिथं काळा भरायचो. म्हणजे डागात जे काय नैसर्गिक होतं ते सगळं मी दुरुस्त करून टाकत होतो. त्या दिवसापासून बारीक रेघेचा लायनर ब्रश कपाटात ठेवला. डागाच्या कडेला हात लावायचा नाही, जे काय घालायचं ते आत नाहीतर बाहेर, आणि तेही कमीत कमी.

कमीत कमी म्हणजे काय तर डोळा. एवढंच पुष्कळ आहे. पांढऱ्या जेल पेननं एक डोळा काढला की डाग जागा होतो. इथं मला माझा धंदा उपयोगी पडला. कन्नडमधला ठ ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल, गोल आणि मधोमध टिंब, डोळाच तो. मी पाट्यांवर हजार वेळा लिहिला असेन, आणि आता तर बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे असा नियम आहे त्यामुळं हात त्याला पक्का बसलाय. टिंब बरोबर मध्ये ठेवलं की प्राणी दचकलेला दिसतो, खाली सरकवलं की लाजलेला, एका कडेला नेलं की चोरून बघणारा. आपला मराठी ळ घातला तर चष्मा लावलेले मास्तर होतात. नातीला दोन्ही लिपींची अक्षरं अशीच जास्त लक्षात राहिली, हे माझ्या मनात नसताना झालं.

आणि डोळा कुठं काढायचा ते आधी ठरवायचं नाही. मी आता कागद वाळला की चारी बाजूंनी फिरवतो, मग भिंतीला टेकवून ठेवतो आणि चहा करायला जातो. परत येताना लांबनं जे दिसतं ते खरं. एक डाग होता, ओघळाचा, खाली चार-पाच धारा आलेल्या, वर मोठा गठ्ठा. तीन दिवस तसाच ठेवला. नातीला त्यात ऑक्टोपस दिसायचा, मला काहीच दिसत नव्हतं. चौथ्या दिवशी बाहेर धो धो पाऊस आणि समोरच्या गोठ्यातली म्हैस दारात उभी, पाठीवरनं पाणी निथळतंय, आणि मी कागदाकडं बघितलं तर तीच म्हैस की! त्या धारा म्हणजे पाय नव्हतेच, पोटावरनं गळणारं पाणी होतं. एक डोळा अर्धा मिटलेला काढला, शिंगाची एक रेघ, टूथब्रशनं थोडे शिंतोडे. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते आहे असं मला वाटतं आणि त्याला लागले चार मिनिटं, अधिक तीन दिवस.

कागद मधोमध दुमडून आत शाई दाबायची पद्धत तर सगळ्यांनी शाळेत केलेली असते. त्यातनं बहुतेक वेळा फुलपाखरू नाहीतर वटवाघूळ निघतं. नात खूश, कारण आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहेत एक फार दुर्मिळ वटवाघूळ राहतं हे तिला बाईंनी सांगितलेलं. मला घडीचे डाग तेवढे आवडत नाहीत, दोन्ही बाजू सारख्या आल्या की बघायला काही उरत नाही. पण त्यावरनं मुलानं मोबाईलवर शोधून दाखवलं ते मला फार आवडलं. जर्मनीत युस्टिनुस केर्नर म्हणून डॉक्टर आणि कवी होता, म्हातारपणी नजर अधू झाली आणि लिहिताना कागदावर शाई सांडायला लागली, तर तो कागद दुमडून त्या डागांची माणसं भुतं करायचा आणि त्यावर कविता लिहायचा. तो 1862 मध्ये गेला आणि ते पुस्तक छापून आलं 1890 मध्ये. पुढं स्वित्झर्लंडचा डॉक्टर हेर्मान रोर्शाक, ज्याच्या दहा डागांच्या कार्डांवरनं मनाची तपासणी करतात, त्याला शाळेत पोरं 'क्लेक्स' म्हणायची, जर्मनमध्ये क्लेक्स म्हणजे शाईचा डाग. त्यानं ती कार्डं 1921 मध्ये काढली.

आणि आपले रवींद्रनाथ टागोर. कवितेच्या वहीत खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून ते पक्षी प्राणी काढायचे, त्यातनंच साठीनंतर चित्रकार झाले आणि 1930 मध्ये पॅरिसला प्रदर्शन भरलं तेव्हा एकोणसत्तराव्या वर्षात होते. तरुणपणी ते आपल्या कारवारला येऊन राहिलेले, तिथल्या किनाऱ्याला त्यांचंच नाव आहे. मी त्या किनाऱ्यावर दोनदा गेलोय, एकदा बोर्ड लावायला, पण तेव्हा हे काही माहीत नव्हतं. खोडलेल्या ओळीचा पक्षी करणारा माणूस इतक्या जवळ येऊन गेला होता हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता आमच्याकडं दोनशेच्या वर कागद झालेत. गल्लीतली पोरं रविवारी येतात, सातआठ जण, मी एकेक थेंब टाकून देतो. एक सांगतो त्यांना, थेंब पडायच्या आधी 'मी हत्ती काढणार' म्हणायचं नाही. जो म्हणतो त्याचा हत्ती येतच नाही, तो रडतो.

एक शेवटचं. बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पेंटरची सही असते, तो आमचा मान. या कागदांवरही मी तशीच करत होतो, झोकात. मागच्या महिन्यात म्हशीचा कागद फ्रेम करायला द्यायचा होता, तर नातीनं तो उलटा धरला आणि ओरडली, "आज्जा, हे बघ, झाड! वाऱ्यात वाकलंय!" आणि होतंच. पाण्याच्या धारा म्हणजे फांद्या, म्हशीचा अर्धा मिटलेला डोळा म्हणजे ढोली. फक्त माझी सही तेवढी वर डोक्यावर उलटी लोंबत होती आणि तिच्यामुळंच कळत होतं की कागद उलटा आहे.

तेव्हापासून सही मी मागच्या बाजूला करतो. फ्रेमवाल्यालाही सांगितलंय, हूक चारी बाजूंना लाव.